लिसातल्या गारगोट्या

अ‍ॅट्रॅक्टा गिलरेनला कशाचीच किळस येत नाही, असं सगळं किलबार्नन गाव धरून चाललं होतं. धरणारच. बाईची उभी हयात डुकरांच्या कारखान्यात, आतड्यांच्या खोलीत गेली. सकाळी गरम गरम आतडी टोपल्यांनी यायची. ती पिळायची, उलटी करायची, मिठाच्या पाण्यात खंगाळायची. नव्या पोरी पहिल्याच दिवशी तोंडावर हात धरून बाहेर पळायच्या, आणि ही तिथंच कट्ट्यावर बसून पाव-लोणी खायची.

तरुणपणी एकदा नाचाच्या हॉलमध्ये शेजारच्या गावचा एक मुलगा तिच्याबरोबर नाचायला उठला. अर्ध्या नाचात नाक वर करून म्हणाला, "कसला गं वास येतोय?"

"पोटापाण्याचा," ती म्हणाली, आणि त्याला मधोमध उभा सोडून कोट घेऊन घरी आली. त्यानंतर ती नाचायला गेली नाही आणि लग्नही केलं नाही. आईबापांचं केलं, दोघांना पोचवलं, आणि आमच्या गल्लीतल्या त्या बुटक्या घरात एकटी राहिली.

मी या गावात सून म्हणून आले ते नवऱ्याचं, मॅलकीचं बोट धरून. पहिल्याच ऑक्टोबरात मी भांडं घेऊन ब्लॅकबेरी तोडायला निघाले. कॉलींच्या शेतात मधोमध लिस आहे. जुन्या, फार जुन्या लोकांनी घालून ठेवलेला मातीचा गोल बांध, आत गवत आणि एक वाकडं काटेरी हॉथॉर्नचं झाड. बांधावर काळ्याभोर बेरी लटकत होत्या. मी हात घालणार तोच मागून आवाज आला.

"ए नवी नवरी! तिथल्या नको."

वळून बघते तर ही. हातात काठी, डोक्याला फडकं.

"का हो? साऊन अजून व्हायचाय ना?" मी म्हटलं. साऊनची, म्हणजे ऑक्टोबर संपतानाची मेलेल्यांची रात्र उलटली की बेरी खायच्या नाहीत, पूका नावाचं भूत त्यांवर मुतून जातं, एवढं मलाही माझ्या आईनं शिकवलं होतं.

"पूकाचं सोड. पूका परवडला. घरी चल, चहा देते."

त्या दिवशी चुलीपाशी बसून तिनं सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगते, जमेल तितकं.

ती लहान असताना तिच्या आईला मुलगा झाला. तो रडलाच नाही. सुईण त्याला उलटा धरून पाठीवर चापट्या मारत राहिली, मग थांबली. बाप चर्चमध्ये गेला आणि टोपी हातात घेऊन परत आला. बाप्तिस्मा न झालेलं पोर पवित्र जमिनीत घेता येत नाही, असं फादर म्हणाले होते. दारातच म्हणाले, आत बोलावलंसुद्धा नाही.

"बापानं लोण्याचं खोकं रिकामं केलं," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "आईनं आपला पांढरा झगा फाडून दिला गुंडाळायला. उजेड गेल्यावर निघायचं, कुणी बघता कामा नये. आई बाळंतीण, तिला उठता येईना. मग कंदील मी धरला. लिसात बापानं कुदळ मारली. तिथं आधीच पांढऱ्या गारगोट्या होत्या, एक इथं, दोन तिथं. मी विचारलं, ह्या कुणी ठेवल्या? बाप म्हणाला, आपल्यासारख्यांनीच. मग मीही ओढ्यातून एक आणून ठेवली."

"आणि आई?"

"आई साऊनला चुलीपाशी खुर्ची ठेवायची, गेलेल्यांसाठी. आजोबांसाठी, आत्यासाठी. दार नुसतं लोटून ठेवायचं. त्या वर्षी तिनं दुधाची वाटीही ठेवली. बापानं बघितलं आणि म्हणाला, अगं, तो कसा येईल? त्याला चालता कुठं येत होतं?" अ‍ॅट्रॅक्टानं चुलीत जळाऊ मातीची एक ढेप टाकली. "वाईट माणूस नव्हता हं माझा बाप. पण आई त्यानंतर त्याच्याशी वर्षभर धड बोलली नाही."

गावात असे बरेच होते. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. लिसात नांगर घालायचा नाही, झाड तोडायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, एवढंच नव्या माणसाला सांगत. कारण विचारलं तर परी राहतात म्हणायचे. परींवर ढकललं की बरं पडायचं.

सोंग घेण्याला अ‍ॅट्रॅक्टाची हरकत होती असं कुणी समजू नये. लहानपणी साऊनच्या संध्याकाळी ती स्वतः बापाचा कोट उलटा घालून, तोंडाला चुलीची काजळी फासून पोरांबरोबर घरोघर हिंडायची. त्या रात्री मेलेली माणसं वाटेवर असतात, त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून सोंग. आवाज ओळखू येईल म्हणून बोलायचंही नाही. लोक सफरचंद द्यायचे, अक्रोड द्यायचे. "आम्हाला भीती वाटायची," ती म्हणायची. "म्हणून मजा यायची. ह्यांना भीतीही नाही नि लाजही नाही."

ह्यांना म्हणजे फिंटन कॉली आणि मंडळी. फिंटननं बापाची खानावळ-दारूचं दुकान वाढवून हॉटेल केलं. सुरुवातीला हॉटेलातच वेषांतराच्या पार्ट्या व्हायच्या. डब्लिनहून बस भरून माणसं यायची. रक्त माखलेल्या नर्सा, डोक्यात कुऱ्हाड घुसलेले नवरदेव. एका वर्षी तर तिघे मित्र भूकबळी बनून आले. दुष्काळातले. गालांना खड्डे रंगवलेले, फाटके कपडे, हातात सुपाचा वाडगा, आणि त्या वाडग्यातून बियर पीत होते. ह्याच गावचे निम्मे लोक त्या दुष्काळात गवत खाऊन मेले. अ‍ॅट्रॅक्टानं ते दुकानाच्या काचेतून बघितलं आणि हातातली पिठाची पिशवी तशीच ठेवून बाहेर आली. "तोंड हिरवं रंगवायचं राहिलं त्यांचं," ती म्हणाली. 

मग फिंटनच्या डोक्यात आलं की हॉटेल पुरत नाही. साऊन म्हणजे आपल्याच पूर्वजांचा सण, केल्टांचा, हजारो वर्षांचा. तो हॉटेलात कसला करायचा? खऱ्या प्राचीन जागी व्हायला हवा. आणि अशी जागा तर त्याच्याच शेतात होती.

सप्टेंबरात चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. चहा, केक, खुर्च्या गोलाकार. फिंटननं सांगितलं: मोठी होळी, ढोल, ड्रुइड पुजारी, बियरचा तंबू, वेषांतराची स्पर्धा. लोक माना डोलवत होते. अ‍ॅट्रॅक्टा उठली.

"फिंटन, लिसात नको."

"का, अ‍ॅट्रॅक्टा? परी रुसतील?" फिंटन म्हणाला, आणि हॉल हसला.

"तिथं पोरं पुरलीत."

हसू बंद झालं. म्हातारी माणसं आपापल्या कपात बघू लागली.

"कुणाची पोरं?"

"माझा भाऊ आहे. बाकीच्यांचं बाकीच्यांनी सांगावं."

कुणी सांगितलं नाही. फिंटन आईकडे वळला. फिलोमिना कॉली पुढच्या रांगेत बसली होती, अ‍ॅट्रॅक्टाच्याच वयाची, निळा स्वेटर, गळ्यात मोती. "आई, तुला काही माहितीय का यातलं?"

फिलोमिनानं मांडीवरचे केकचे कण झटकले. "जुनी माणसं काहीबाही सांगायची खरी," ती म्हणाली.

"हे बघा अ‍ॅट्रॅक्टा," फिंटन मवाळ आवाजात म्हणाला, "नकाशात काही नाही. चर्चच्या दप्तरात काही नाही. मी स्वतः विचारून आलो."

"दप्तरात नसणारच रे. दप्तरात असती तर तिथं कशाला असती?"

पण बैठक पुढे सरकली होती. पार्किंग कुठं करायचं यावर दोघे भांडत होते.

परत येताना ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि थुंकली. तिला असं करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"फिंटनचा राग येतो," मी म्हटलं.

"फिंटनचा कसला? तो दारू विकतो, त्याला जे विकतं ते दिसतं. शिसारी आली ती त्या दुसरीची. कण झटकत होती, बघितलंस?"

"म्हणजे तिचंही...?"

"तिचं ती सांगेल. मी सांगणार नाही. इतकी काही मी हलकी नाही."

साऊनच्या दिवशी दुपारीच ढोल ऐकू यायला लागले. अ‍ॅट्रॅक्टा माझ्या दारात आली. "चल. बघून येऊ. न बघता शिव्या घालणं बरं नाही."

कॉलींच्या फाटकावर खरी आतडी लोंबत होती. खाटकाकडून आणून, माळा करून, लाल रंग ओतून लावली होती. अ‍ॅट्रॅक्टानं जवळ जाऊन नाक लावलं. "धुतलीसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "रात्रीपर्यंत सगळ्या शेताला वास मारेल."

आत गर्दी होती. सांगाडे, चेटकिणी, पोटाला उशी बांधून गरोदर झालेली एक नन. ड्रुइड म्हणून आणलेला माणूस मी ओळखला. तो अ‍ॅथलोनमध्ये गाड्यांचे टायर विकतो. पांढरी दाढी एका कानाकडून सुटली होती आणि तो लोकांना पूर्वजांशी एकरूप व्हायला सांगत होता. एका कोपऱ्यात फिलोमिना घडीच्या खुर्चीवर पांघरूण घेऊन बसली होती. नातवंडांनी तिच्या डोक्यावर चेटकिणीची टोपी घातली होती.

मग आम्ही बांध चढून लिसात उतरलो.

निळ्या प्लास्टिकच्या मुताऱ्या ओळीनं तिथं उभ्या होत्या. जमीन दगडाळ, चिखल होत नाही, म्हणून तिथंच. पुढे रांग. रांगेत थांबायचा कंटाळा आलेले बांधाच्या आतल्या बाजूला तोंड करून उभे. गवत ओलं आणि पिवळं, बाटल्या, कुणीतरी ओकून ठेवलेलं. आणि त्या वाकड्या झाडावर बाहुल्या टांगल्या होत्या. बाळांच्या बाहुल्या. घाऊक आणलेल्या, तोंडं निळसर रंगवलेली, डोळ्यांखाली काळं. मेलेली बाळं. भीती वाटावी म्हणून. वाऱ्यानं त्या एकमेकींवर टकटक आपटत होत्या. खाली एक जोडपं फोटो काढून घेत होतं, पोरगी एका बाहुलीला दूध पाजल्याचं नाटक करत होती आणि पोरगा हसून हसून वाकला होता.

मी अ‍ॅट्रॅक्टाकडे बघितलं. जन्मभर आतडी धुतलेली ती बाई झाडाचं खोड धरून कोरड्या ओकाऱ्या काढत होती.

"घरी जाऊ या," मी म्हटलं.

"गारगोट्या कुठायत?" ती म्हणाली.

गारगोट्या नव्हत्या. जमिनीत खड्डे होते, दात काढल्यावर हिरडीत राहतात तसे. आम्ही शोधत बाहेर आलो आणि बियरच्या तंबूपाशी सापडल्या. तंबूकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही कडांना नीट मांडून ठेवल्या होत्या, अंधारात वाट दिसावी म्हणून. लोक त्यांवर सिगारेटी विझवत होते.

ती वळली. घरी गेली. मला वाटलं, पडून राहील. पण दिवस मावळायच्या सुमारास ती पुन्हा निघाली. कारखान्यातला रबरी एप्रन, गुडघ्यापर्यंतचे बूट, डोक्याला फडकं, हातात जस्ताची बादली. ओल्या जमिनीवर गुडघे टेकायचे म्हणून एप्रन नि बूट. मी तिच्या मागोमाग गेले.

ती तंबूच्या वाटेवर ओणवी झाली आणि एकेक गारगोटी एप्रननं पुसून बादलीत ठेवू लागली. भोवती माणसं जमली.

"अरे हे बघ! काय भारी केलंय!"

"आजीबाई, इकडे बघा, एक फोटो."

कवटीचा मुखवटा घातलेल्या एका पोरानं तिच्या गालाला बोट लावलं. "सुरकुत्या कशाच्या बनवल्यात? रबराच्या?"

"हात काढ," ती म्हणाली.

"आवाजपण!" तो खूश होऊन ओरडला. "पूर्ण भूमिकेत आहे बाई!"

आणि कोणीतरी टायरवाल्याला सांगितलं. त्यानं मंचावरून हाका मारल्या, दोघांनी तिला दंडाला धरून, हसत हसत, जवळजवळ उचलूनच वर नेलं. वेषांतराचं पहिलं बक्षीस. हॉटेलात दोन रात्री आणि व्हिस्कीची बाटली. होळी पेटली होती, ढोल थांबले होते.

"बोला आजीबाई! कुठल्या काळातून आलात?"

"त्या गल्लीतून," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. हशा.

"आणि बादलीत काय? मेलेल्यांचे दात?"

"थडग्यांवरचे दगड."

टाळ्या. शिट्ट्या.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. त्या आणखी वाढल्या. मग तिनं टायरवाल्याच्या हातातून माइक घेतला. "तुम्ही जिथं मुतताय तिथं माझा भाऊ आहे. त्याला नाव नाही. फादरनं पवित्र जमीन द्यायला नकार दिला. लोण्याच्या खोक्यात आहे तो. त्याच्या शेजारी आणखी पोरं आहेत, ह्याच गावची. तुम्ही झाडाला खोटी लटकवलीत, खाली खरी आहेत."

पुढच्या रांगेतले अजून हसत होते. मागे कुणीतरी "वा!" म्हणालं. ती गरोदर नन मात्र हसायची थांबली आणि तिनं पोटावरच्या उशीवर हात ठेवला.

फिंटननं माइक बंद केला. वर येऊन तिच्या कानाशी म्हणाला, "पुरे आता. पाहुण्यांसमोर शोभा नको. खाली चला."

पण तिचा आवाज यंत्रांच्या वर ओरडून तयार झालेला होता. माइक बंद झाल्याचं मागच्या माणसाला कळलंही नसेल. "घाण डुकराच्या पोटात असते ती धुता येते!" ती ओरडली. "ही कशानं धुवाल?"

सगळे मंचाकडे बघत होते, म्हणून फिलोमिना उठलेली फार थोड्यांना दिसली. तिनं टोपी काढून खुर्चीवर ठेवली. काठी टेकत ती बांधाकडे निघाली. मी तिच्याजवळ होते, तिला बांध चढताना हात दिला. मुताऱ्यांपुढे रांगेत पहिला उभा होता एक सांगाडा, वीसेक वर्षांचा. फिलोमिना त्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाळा, इथं नको," ती म्हणाली.

"का आजी? मला फार लागलीय."

"इथं माझी मुलगी आहे."

त्या पोरानं मुखवटा वर सरकवला. तो नशेत होता, पण त्याला कळलं. तो बाजूला झाला आणि मागच्याला काहीतरी म्हणाला, आणि रांग मागे सरकली. तोवर फिंटन धावत आला होता.

"आई, काय चाललंय? कोण मुलगी?"

"तुझ्याआधीची."

"तू बोलली नाहीस. त्या दिवशी मी विचारलं होतं तुला! सगळ्यांसमोर विचारलं होतं!"

"तुझ्या बापानं शपथ घातली होती," फिलोमिना म्हणाली. "बाप मेला तरी मी पाळत बसले. शहाणपण."

फिंटननं एकदा त्या निळ्या पेट्यांकडे बघितलं, एकदा झाडाकडे. बाहुल्या त्यानं स्वतः निवडून मागवल्या होत्या. तो बांधाला टेकला आणि ओकला. अ‍ॅट्रॅक्टा बादली घेऊन वर आली होती. तिनं त्याच्याकडे दयेनं बघितलं असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

"तिकडे बाहेर जाऊन ओक," ती म्हणाली.

पाहुणे हळूहळू हॉटेलात सरकले. तिथं बार उघडाच होता आणि पार्टी थांबली नाही. मॅलकीनं ट्रॅक्टर आणला, गावातल्या चार-दोन म्हाताऱ्यांनी साखळ्या लावल्या, आणि त्या पेट्या ओढून काढल्या. काढताना एक फुटली आणि निळं पाणी गवतभर पसरलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी छातीवर क्रूसाची खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅट्रॅक्टा ओढ्याचं पाणी आणून ती जागा धूत होती, मीठ टाकून, जशी आतडी धुवायची तशी. फिलोमिना आली, हातमोजे घालून. ती शेजारी ओणवी होऊन धुवायला लागली.

"माझी त्या झाडाच्या डावीकडे होती," शेवटी फिलोमिना म्हणाली. "तिची गारगोटी गुलाबी झाक असलेली होती."

बादलीत गुलाबी झाक असलेल्या तीन निघाल्या.

"घे त्यातली कुठलीही," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "आता कुणाची कुणावर, देवालाच ठाऊक. आणि त्याला तरी कुठं ठाऊक असायला? त्याच्या माणसांनीच तर बाहेर ठेवलं."

तिच्या मंचावरच्या बोलण्याचं कुणीतरी चित्रण केलं होतं. ते महिनाभर फोनाफोनांवर फिरलं, खाली लोकांनी लिहिलं, काय अभिनय, अंगावर काटा आला. मग खरं काय ते बाहेर पडलं तशी वर्तमानपत्राची माणसं आली. मग धर्मप्रांतातून निरोप आला की लिसाला आशीर्वाद द्यायला मोठे फादर येतील, एक शिळाही बसवू. गाव नटून गेलं. बैठकीत चहात बघत बसलेले सगळे मेणबत्त्या घेऊन पुढे होते. डोळे पुसत होते. अ‍ॅट्रॅक्टा गेली नाही. बोलवायला आलेल्या तरुण फादरांना तिनं दारातच उभं केलं.

"तुमचा काही दोष नाही, पोरा. पण तेव्हा आत घेतलं नाहीत, आता मी तुम्हाला आत घेणार नाही."

फादर खाली मान घालून गेले. फिलोमिना गेली होती. तिनं शिळेवर हात ठेवल्याचा फोटो छापून आला. अ‍ॅट्रॅक्टानं त्या कागदात बटाट्याची सालं गुंडाळली.

तरीही वर्ष उलटल्यावर साऊनच्या संध्याकाळी फिलोमिना तिच्या दारी आली, आणि तिनं दार उघडलं. मी तिथंच होते. बटाटा आणि केल नावाच्या कोबीची पानं कुसकरून मधोमध लोण्याचा खड्डा केलेली ताटली अ‍ॅट्रॅक्टानं तिच्यापुढे सरकवली. प्रेमानं नाही. पण सरकवली.

"नाव ठेवलं होतंस का?" तिनं विचारलं.

"मनातल्या मनात. रोझलीन."

"चांगलंय. आमच्या आईनं ठेवलं नाही. ठेवलं असतं तर हाक मारावीशी वाटली असती, म्हणाली."

फिंटननं लिसाला कुंपण घातलं, त्या बाजूला आता तो फिरकत नाही. महोत्सव मात्र बंद झाला नाही. हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये भरतो, आधीपेक्षा मोठा. त्या बातम्यांनीच गाव प्रसिद्ध झालं, असं फिंटनच म्हणतो, मान वळवून. पहिल्याच वर्षी एक बाई एप्रन घालून, हातात जस्ताची बादली घेऊन स्पर्धेत उतरली होती. बादलीत पांढरे दगड. तिला तिसरं बक्षीस मिळालं.

मला वाटलं, हे अ‍ॅट्रॅक्टापासून लपवावं. पण गावात काय लपतंय? तिनं ऐकलं आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"एप्रन कुठला होता?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"रबरी की प्लास्टिकचा?"

"प्लास्टिकचा असेल. दुकानातला."

"मग नुसतंच सोंग," ती म्हणाली, आणि तोंड असं वाकडं केलं की मी तिच्याकडे पुन्हा बघू शकले नाही. मग तिनं सुरी उचलली आणि राहिलेले बटाटे सोलायला घेतले.